सार्वजनिक ग्रंथालय अनुदान (महाराष्ट्र)

सार्वजनिक ग्रंथालय अनुदान ही महाराष्ट्र शासनाने मान्यताप्राप्त सार्वजनिक ग्रंथालयांना दरवर्षी आर्थिक साहाय्य देण्याची व्यवस्था होय. तिला महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ या कायद्याचा आणि त्याखाली १९७० साली केलेल्या नियमांचा आधार आहे. ही ग्रंथालये बहुतांशी शासनाच्या मालकीची नसतात. ती गावकऱ्यांनी किंवा नगरवासीयांनी स्थापन केलेल्या नोंदणीकृत संस्थांची असतात आणि शासन त्यांच्या खर्चाचा काही भाग उचलते. राज्यात अशा ग्रंथालयांची संख्या अकरा हजारांहून अधिक असून त्यांतील फार मोठी संख्या खेड्यांतील लहान वाचनालयांची आहे. या लेखात अनुदानाची घडण, दर व अटी दिल्या असून ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात, म्हणजे शहापूर व मुरबाड तालुक्यांत, तिचा अर्थ काय होतो हेही पाहिले आहे. शेवटी संग्रहालयांसाठीच्या अनुदानाचा संक्षिप्त परिचय आहे.

घटनात्मक स्थान

भारतीय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीच्या १२ व्या नोंदीत राज्याच्या नियंत्रणाखालील किंवा राज्याच्या पैशावर चालणारी ग्रंथालये, संग्रहालये व तत्सम संस्था यांचा समावेश आहे. त्यामुळे हा विषय मुख्यत्वे राज्यांच्या अखत्यारीत येतो. कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, भारतीय संग्रहालय यांसारख्या काही राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्था मात्र संघसूचीच्या ६२ व्या नोंदीनुसार केंद्राकडे आहेत. गावातील वाचनालयाचा अर्ज जिल्ह्याच्या ग्रंथालय अधिकाऱ्याकडे का जातो, दिल्लीला का जात नाही, याचे उत्तर या विभागणीत आहे.

पूर्वपीठिका

महाराष्ट्रातील सार्वजनिक वाचनालये कायद्याच्या कितीतरी आधीची आहेत. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० आणि पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ सालचे आहे. ठाणे जिल्ह्यात कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ मध्ये सुरू झाले. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १ जून १८९३ रोजी स्थापन झाले. 'महाराष्ट्र सारस्वत'कार विनायक लक्ष्मण भावे हे त्याच्या संस्थापकांपैकी होत. ही ग्रंथालये वर्गणी, देणग्या आणि वैयक्तिक उत्साह यांवर उभी राहिली.

राज्यसत्तेने ग्रंथालयांचा खर्च उचलावा, हा विचार पश्चिम भारतात बडोदा संस्थानाने प्रथम व्यापक प्रमाणावर अमलात आणला. सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना पाचारण केले. बडोद्याच्या योजनेत गावाने काही रक्कम जमवली की तेवढीच भर स्थानिक मंडळ आणि संस्थान सरकार घालत असे. आजच्या अनुदान योजनांतील 'आधी तुम्ही, मग आम्ही' हे तत्त्व तेथेही दिसते. कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली स्वतंत्र ग्रंथालय कायदा केला.

मुंबई इलाख्यात सरकारने नेमलेल्या फैजी समितीने मध्यवर्ती ग्रंथालयापासून गावापर्यंत टप्प्याटप्प्याने ग्रंथालयांची साखळी उभारावी अशी शिफारस केली. स्वातंत्र्याच्या सुमारास तिच्यातील वरच्या टप्प्यांची अंमलबजावणी सुरू झाली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य निर्माण झाल्यावर मुंबई इलाखा, विदर्भ आणि मराठवाडा या तीन प्रदेशांतील निरनिराळ्या पद्धती एकत्र करण्याची गरज निर्माण झाली. त्यातून १९६७ चा अधिनियम झाला. तो १ मे १९६८ पासून अमलात आला आणि ग्रंथालय संचालनालयाची स्थापना झाली.

कायद्याची रचना

अधिनियमानुसार राज्य पातळीवर राज्य ग्रंथालय परिषद आणि जिल्हा पातळीवर जिल्हा ग्रंथालय समिती अशी सल्लागार व्यवस्था आहे. प्रशासन ग्रंथालय संचालकांकडे असते. त्यांच्या अधीन विभागीय आणि जिल्हा कार्यालये काम करतात.

मद्रास राज्याने १९४८ साली केलेल्या ग्रंथालय कायद्यात स्थानिक करावर ग्रंथालय उपकर बसवण्याची तरतूद होती. महाराष्ट्राने असा उपकर लावला नाही. येथे ग्रंथालय निधीची तरतूद करून शासनाने त्यात दरवर्षी किमान २५ लाख रुपये भरावेत असे कायद्यात लिहिले गेले. प्रत्यक्ष तरतूद या रकमेच्या कितीतरी पुढे गेली आहे. मात्र उपकर नसल्यामुळे ग्रंथालयांचे उत्पन्न दरवर्षीच्या अर्थसंकल्पावर अवलंबून राहते. महागाई वाढली म्हणून अनुदान आपोआप वाढत नाही. त्यासाठी प्रत्येक वेळी शासनाचा स्वतंत्र निर्णय लागतो.

मान्यता आणि वर्गवारी

अनुदान मिळण्यासाठी ग्रंथालय चालवणारी संस्था संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० यांखाली नोंदलेली असावी लागते. ग्रंथालय जात, धर्म, पंथ असा भेद न करता सर्वांना खुले असले पाहिजे. त्यानंतर ग्रंथांची संख्या, सभासद, वृत्तपत्रे व नियतकालिके, उघडे राहण्याचे तास, जागा आणि कर्मचारी पाहून त्याला 'अ', 'ब', 'क' किंवा 'ड' वर्ग दिला जातो. स्थानानुसार जिल्हा, तालुका आणि इतर असे तीन प्रकार आहेत. खेड्यातील ग्रंथालय 'इतर' प्रकारात मोडते आणि त्याची सुरुवात सहसा 'ड' वर्गापासून होते.

दाखल नोंदवही, देवघेव नोंदवही, सभासद नोंदवही, कीर्दखतावणी आणि सभांचे इतिवृत्त हे दफ्तर अद्ययावत ठेवणे, वार्षिक अहवाल व लेखापरीक्षण अहवाल वेळेत सादर करणे, हे ग्रंथालयाचे कर्तव्य असते. दफ्तर अपुरे असल्यास अनुदान कमी होते किंवा थांबते.

अनुदानाचे दर

दैनंदिन खर्चासाठी मिळणाऱ्या रकमेला परिरक्षण अनुदान म्हणतात. मान्य खर्चाच्या ९० टक्के रक्कम किंवा त्या वर्गासाठी ठरलेली कमाल मर्यादा, यांपैकी जी कमी असेल ती दिली जाते. उरलेला वाटा ग्रंथालयाने वर्गणी व देणग्यांतून उभा करायचा असतो. २०१२ साली या मर्यादांत ५० टक्के वाढ झाली. त्यानंतर सुमारे दहा वर्षे दर तेच राहिले आणि २०२२ मध्ये ६० टक्के वाढीचा निर्णय झाला. या दोन्ही निर्णयांनुसार वार्षिक कमाल मर्यादा पुढीलप्रमाणे आहेत (आधी २०१२ चा दर, नंतर २०२२ चा):

• जिल्हा 'अ' – ७,२०,००० रुपये, ११,५२,००० रुपये
• जिल्हा 'ब' – ३,८४,००० रुपये, ६,१४,४०० रुपये
• तालुका 'अ' – ३,८४,००० रुपये, ६,१४,४०० रुपये
• तालुका 'ब' – २,८८,००० रुपये, ४,६०,८०० रुपये
• तालुका 'क' – १,४४,००० रुपये, २,३०,४०० रुपये
• इतर 'अ' – २,८८,००० रुपये, ४,६०,८०० रुपये
• इतर 'ब' – १,९२,००० रुपये, ३,०७,२०० रुपये
• इतर 'क' – ९६,००० रुपये; १,५३,६०० रुपये
• 'ड' – ३०,००० रुपये, ४८,००० रुपये

अनुदानाची साधारण विभागणी निम्मी रक्कम वेतनासाठी, पाव ग्रंथखरेदीसाठी आणि पाव इतर खर्चासाठी अशी असते. इतर खर्चात भाडे, वीज, वृत्तपत्रे, बांधणी, कपाटे इत्यादी बाबी येतात. परिरक्षण अनुदानाखेरीज इमारत आणि साधनसामग्री यांसाठी वेगळ्या अनुदानाची तरतूद १९७० च्या नियमांत आहे.

'ड' वर्गाच्या ग्रंथालयाचे उदाहरण

वरील आकड्यांचा अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. 'ड' वर्गाच्या वाचनालयाला ४८,००० रुपयांचे पूर्ण अनुदान मिळवायचे असेल, तर त्याचा मान्य खर्च सुमारे ५३,३३३ रुपये असावा लागतो. कारण या रकमेचे ९० टक्के म्हणजे ४८,००० रुपये. वरचे सुमारे ५,३३३ रुपये गावातून जमवावे लागतात. महिना दहा रुपये वर्गणी देणारे ४५ सभासद वर्षभर नियमित असतील, तर वर्षाचे ५,४०० रुपये होतात आणि हा वाटा जेमतेम भागतो.

अनुदानातील निम्मी रक्कम म्हणजे २४,००० रुपये वेतनासाठी धरली, तर ग्रंथपालाच्या हाती महिन्याला २,००० रुपये पडतात. जुन्या ३०,००० रुपयांच्या दराने हीच रक्कम महिना १,२५० रुपये होती. ग्रंथखरेदीसाठी वर्षाला १२,००० रुपये उरतात. एका पुस्तकाची सरासरी किंमत ३०० रुपये धरल्यास त्यात ४० पुस्तके येतात. ग्रंथपालाचे काम ही अशा ठिकाणी नोकरी राहत नाही. ती बहुधा शेती, शिकवणी किंवा दुकान सांभाळून केलेली सेवा असते. म्हणूनच सेवाशर्ती आणि वेतनश्रेणी हा ग्रंथालय कर्मचाऱ्यांच्या संघटनांचा सर्वांत जुना प्रश्न आहे. व्यंकप्पा पत्की समितीनेही या प्रश्नाचा विचार केला होता.

शहापूर व मुरबाड तालुके

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यानंतर ठाणे जिल्ह्यात सात तालुके उरले. त्यांतील शहापूर आणि मुरबाड हे सह्याद्रीच्या पायथ्याचे, मुख्यतः ग्रामीण तालुके आहेत. ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी या आदिवासी समाजांची वस्ती येथे मोठी आहे. भातसा आणि तानसा ही मुंबईला पाणी पुरवणारी धरणे शहापूर तालुक्यात आहेत. या तालुक्यातून मध्य रेल्वेचा मार्ग जातो आणि आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा ही त्यावरील स्थानके आहेत. मुरबाडला रेल्वे नाही.

जिल्ह्यातील जुनी ग्रंथालये ठाणे, कल्याण अशा शहरांत वाढली. तेथे कचेऱ्या, शाळा आणि नियमित पगार असलेला वाचकवर्ग होता, त्यामुळे वर्गणी जमत असे. शहापूर तालुक्यातील शेणवा किंवा त्याच्या आसपासच्या गावापाड्यांत परिस्थिती निराळी आहे. भातशेतीचा हंगाम आणि त्यानंतरचे वीटभट्टीसारख्या कामांसाठीचे स्थलांतर यांमुळे वर्षभर वर्गणी देणारे सभासद टिकवणे कठीण जाते. विखुरलेल्या पाड्यांतील मुलांना वाचनालयापर्यंत चालत यावे लागते. लेखापरीक्षण, विश्वस्त नोंदणीतील बदल आणि वार्षिक अहवाल यांसाठी कार्यकर्त्यांना तालुक्याला किंवा ठाण्याला खेपा घालाव्या लागतात. त्या प्रवासाचा भार लहान संस्थेला जाणवण्याइतका असतो.

योजनेची मूळ मर्यादा येथे दिसते. अनुदान हे झालेल्या खर्चावर मिळते आणि मान्यता ही आधी उभ्या राहिलेल्या ग्रंथालयाला मिळते. ज्या गावात जागा, पुस्तके आणि चार कार्यकर्ते आधीपासून आहेत, त्याला योजना हात देते. जेथे यांपैकी काहीच नाही, तेथे ती स्वतःहून पोहोचत नाही. 'गाव तेथे ग्रंथालय' हे धोरणाचे घोषवाक्य असले, तरी त्याची पूर्तता गावातील पुढाकारावर अवलंबून राहिली आहे.

पडताळणी आणि तिचे परिणाम

२०१२ साली राज्यातील अनुदानित ग्रंथालयांची महसूल यंत्रणेमार्फत पडताळणी करण्यात आली. काही ग्रंथालये कागदोपत्रीच असल्याच्या, तर काहींत नियमांप्रमाणे सेवा मिळत नसल्याच्या तक्रारी ही तिची पार्श्वभूमी होती. त्यानंतर नवीन मान्यता आणि वर्गवाढ दीर्घकाळ थांबवण्यात आली. सार्वजनिक पैशाचा हिशेब घेणे आवश्यकच होते. मात्र या निर्णयाचा भार प्रामाणिकपणे चालणाऱ्या लहान ग्रंथालयांवरही पडला. ग्रंथसंख्या व सभासद वाढूनही 'ड' वर्गातील ग्रंथालयाला 'क' वर्ग मिळत नव्हता आणि नव्याने स्थापन झालेल्या वाचनालयाला अनुदानाविना चालावे लागत होते.

केंद्रीय साहाय्य

राजा राममोहन रॉय यांच्या जन्माच्या द्विशताब्दीनिमित्त २२ मे १९७२ रोजी स्थापन झालेले राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान ही केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या अखत्यारीतील संस्था असून तिचे मुख्यालय कोलकाता येथे आहे. तिच्या योजना दोन प्रकारच्या आहेत. समान निधी योजनेत राज्य आपला वाटा घालते आणि त्यातून ग्रंथ, कपाटे, इमारत इत्यादींसाठी साहाय्य दिले जाते. असमान निधी योजनेत प्रतिष्ठान स्वतःच्या निधीतून बालविभागासारख्या बाबींना मदत करते. खेड्यातील वाचनालयाला हे साहाय्य पुष्कळदा पुस्तकांच्या संचाच्या रूपाने मिळते. असे संच उपयुक्त असले, तरी निवड वरच्या पातळीवर होत असल्याने ते स्थानिक वाचकांच्या आवडीशी जुळतीलच असे नाही.

संग्रहालयांसाठी अनुदान

ग्रंथालयांप्रमाणे प्रत्येक वर्गाला ठरावीक वार्षिक रक्कम देणारा कायदा संग्रहालयांसाठी महाराष्ट्रात नाही. राज्य शासनाचे पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय स्वतःची संग्रहालये चालवते. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची संग्रहालय अनुदान योजना नवीन संग्रहालये उभारणे, जुन्यांचे आधुनिकीकरण आणि संग्रहाचे अंकीकरण यांसाठी प्रकल्पनिहाय साहाय्य करते. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे संग्रहालय राज्यातील आदिवासी समाजांच्या वस्तू, कला आणि राहणीमान यांचे दर्शन घडवते. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांतील विद्यार्थ्याला आपल्या समाजाचा असा जतन केलेला वारसा पाहण्यासाठी पुण्यापर्यंत प्रवास करावा लागतो.

महत्त्व

रक्कम अल्प असली, तरी मान्यतेमुळे ग्रंथालयाला सातत्य लाभते. वर्षातून एकदा हिशेब द्यायचा असतो म्हणून सभा होते, नोंदी होतात, नवी पुस्तके दाखल होतात आणि ठरलेल्या वेळी दार उघडते. स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करणाऱ्या, घरात स्वतंत्र जागा नसलेल्या तरुणांना गावातील वाचनालय हे अनेकदा एकमेव शांत ठिकाण असते. अनुदानाच्या यशापयशाचे मोजमाप मान्यताप्राप्त ग्रंथालयांच्या संख्येवरून होते, तसेच ते अशा वाचकाला वर्षातील किती दिवस दार उघडे सापडते यावरूनही करावे लागते.