पुच्छविरहित विमान आणि रडार-अदृश्यता : भारतीय प्रयोगाचा परिचय

रडार-अदृश्यता म्हणजे विमान संपूर्णतः दिसेनासे होणे, असा सर्वसाधारण समज आढळतो. शास्त्रीयदृष्ट्या तो बरोबर नाही. रडारचा शोधपल्ला विमानाच्या परावर्तन-छेदाच्या चतुर्थमुळाच्या प्रमाणात बदलतो. त्यामुळे परावर्तन १६ पटींनी घटविले तरी पल्ला केवळ निम्मा होतो. तो एकदशांश करावयाचा झाल्यास परावर्तन १०,००० पटींनी घटवावे लागते.

एवढी घट केवळ लहरीशोषक लेपाने साधत नाही. ती प्रामुख्याने आकारातून साधावी लागते. उभे शेपूट हे परावर्तनाचे एक प्रमुख स्थान असल्याने तेच वगळले जाते. परंतु त्याबरोबर विमानाचे दिशास्थैर्यही जाते. ते संगणकीय नियंत्रणाने क्षणोक्षणी निर्माण करणे, हा खरा प्रश्न होय.

संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या बंगळुरू येथील वैमानिकी विकास आस्थापनेने हाच प्रश्न हाती घेतला. तिच्या मानवरहित, पुच्छविरहित विमानाने १ जुलै २०२२ रोजी कर्नाटकातील चित्रदुर्ग येथे पहिले स्वयंचलित उड्डाण केले. अमेरिकेच्या 'हॅव ब्लू' प्रकल्पातील दोन्ही प्रायोगिक विमाने १९७८ व १९७९ मध्ये अपघातात नष्ट झाली होती. हे पाहता वैमानिकाविना चाचणी घेण्याचे महत्त्व स्पष्ट होते.

वायुसेनेच्या अनुरक्षण कमांडचे मुख्यालय नागपूर येथे आहे. देखभालीचा विचार येथे विशेष प्रस्तुत ठरतो. कारण लेपावरील ओरखडा वा झाकणाची फट यांनीही परावर्तन वाढते. सारांश, अदृश्यता आराखड्यात निर्माण होते, पण टिकते ती कार्यशाळेत.