दोन बोटांचा फरक

पाचवी ते नववीची मुले घेऊन आम्ही एकदा एका मोठ्या करमणूक उद्यानात सहलीला गेलो होतो. रोलर कोस्टरच्या दाराशी एक रंगवलेली फळी होती आणि तिच्यावर साडेचार फुटांवर म्हणजे १३७ सें.मी.वर एक लाल रेघ. ज्याचे डोके त्या रेघेला लागेल त्यालाच आत प्रवेश. पाचवीतला एक मुलगा टाचा उंच करून उभा राहिला. दारावरच्या तरुणाने त्याच्या खांद्यावर हात ठेवून टाचा खाली टेकायला लावल्या. डोके दोन बोटे खालीच राहिले. मुलाचे डोळे भरून आले. आमच्यापैकी एक गुरुजी पुढे झाले आणि म्हणाले, "जाऊ द्या हो, दोन बोटांचा तर फरक आहे! आम्ही त्याला आमच्याशेजारी बसवून घेतो." तरुणाने ऐकले नाही. परतताना बसमध्ये आम्ही त्याच्या आडमुठेपणाबद्दल बरेच बोललो.

दुसरीकडे आठवीतली एक मुलगी उंचीने चांगली असूनही आत जायला तयार नव्हती. मैत्रिणींनी 'भित्री' म्हणून चिडवले. आम्हीही "जा ग, काही होत नाही" असे म्हणून तिला जवळजवळ ढकललेच.

घरी आल्यावर या दोन्ही प्रसंगांवर आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. नववी-दहावीच्या भौतिकशास्त्रात थोडी भर घातली, की या प्रश्नांची बरीचशी उत्तरे मिळतात. ती आपण क्रमाने पाहू या.

भीती कशाची वाटते?

जत्रेतला आकाशपाळणा घ्या. त्याची त्रिज्या १० मीटर आहे आणि तो ३० सेकंदांत एक फेरा पुरा करतो असे समजू. पाळण्यात बसलेल्या मुलाचा वेग सेकंदाला सुमारे २.१ मीटर येतो. वर्तुळात फिरणाऱ्या वस्तूचे त्वरण म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या. ते इथे फक्त ०.४४ येते. गुरुत्व त्वरण ढोबळ मानाने १० धरले, तर हे त्याच्या साडेचार टक्क्यांहूनही कमी आहे. म्हणजे ४० किलोच्या मुलाला तळाशी आपण ४२ किलोंचे आणि माथ्यावर ३८ किलोंचे झाल्यासारखे वाटेल. हा फरक जाणवेल न जाणवेल इतकाच! तरीही माथ्यावर पोटात गोळा येतो, तो उंचीमुळे. इथे भीती डोळ्यांतून येते, शरीरावर ताण जवळजवळ नसतोच. म्हणून आजोबा आणि नातू एकाच पाळण्यात बसू शकतात.

आता अंगणातला झोका पाहू. तो उभ्या रेषेपासून ६० अंशांपर्यंत गेला, तर खाली येताना तळाशी बसणाऱ्याला आपले वजन दुप्पट झाल्यासारखे वाटते. दोरी लांब असो की आखूड, उत्तर तेच येते. नागपंचमीला उंच झोके घेणाऱ्या मुली हा भार हसतखेळत सोसत असतात. म्हणजे दुप्पट भार ही काही भयंकर गोष्ट नव्हे.

मग रोलर कोस्टर वेगळा कशाने ठरतो? तिथे गाडीला साखळीने उंचावर ओढून नेतात आणि सोडून देतात. स्थितिज ऊर्जेची गतिज ऊर्जा होते. २० मीटर उंचीवरून सुटलेल्या गाडीच्या वेगाचा वर्ग २ × १० × २० म्हणजे ४०० होतो. घर्षण सोडून दिले, तर वेग सेकंदाला २० मीटर, ताशी ७२ कि.मी.! या वेगाने गाडी वळवायची, डोंगरावर चढवायची किंवा उलटी करायची, म्हणजे भाराचा हिशेब चोख हवा.

गोल फेऱ्याची चूक

हा हिशेब माणूस अनुभवाने शिकला. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ कोनी आयलंड येथे १८८४ साली लामार्कस थॉम्प्सन यांनी घसरत्या गाडीचा मार्ग सुरू केला. तिचा वेग ताशी १० कि.मी.च्या आसपास होता. लोक रांगा लावून बसत. पुढे तिथेच १८९५ मध्ये 'फ्लिप फ्लॅप' नावाची, प्रवाशांना उलटे करणारी गाडी आली. तिचा फेरा चक्क वर्तुळाकार होता. बसणाऱ्यांच्या माना दुखावत. काही वर्षांतच ती बंद पडली.

असे का व्हावे? गणित करून पाहू. फेऱ्याची उंची २० मीटर, म्हणजे त्रिज्या १० मीटर समजा. माथ्यावर गाडी रुळांना चिकटून राहायची, तर तिथे अभिकेंद्री त्वरण निदान गुरुत्व त्वरणाइतके हवे. म्हणून वेगाचा वर्ग निदान १० × १० = १०० हवा. तळाशी तो १०० + (२ × १० × २०) = ५०० असतो. ५०० भागिले १० म्हणजे ५०, अर्थात गुरुत्व त्वरणाच्या ५ पट. त्यात शरीराचा मूळचा भार मिळवला, की झाला ६ पट! ४० किलोच्या मुलाला आपण २४० किलोंचे झाल्यासारखे वाटेल, आणि तेही एका झटक्यात, कारण सपाट रुळावरून गाडी एकदम वर्तुळात शिरते. गंमत अशी, की वर्तुळ लहान करा की मोठे, ६ पट हे उत्तर बदलत नाही. विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या त्रिज्या घेऊन हे पडताळून पाहायला सांगावे.

यावर उपाय आकारात आहे. फेरा वर्तुळाकार न ठेवता उलट्या थेंबासारखा करायचा, माथ्याशी निमुळता आणि खाली पसरट. उंची तीच २० मीटर ठेवू. माथ्यावर त्रिज्या ५ आणि तळाशी २० मीटर घेऊ. आता माथ्यावर वेगाचा वर्ग ५० पुरतो. तळाशी तो ४५० होतो. ४५० भागिले २० म्हणजे २२.५, अर्थात सव्वादोन पट. मूळचा भार धरून सव्वातीन पट. त्याच उंचीवर, तसेच उलटे होऊन, भार जवळजवळ निम्मा! शिवाय वक्रता हळूहळू वाढत गेल्याने झटकाही बसत नाही. रेल्वेचे रूळ वळणावर नेतानाही अशाच हळूहळू वाकत जाणाऱ्या वक्राचा उपयोग करतात. या वक्राला क्लोथॉइड म्हणतात. जर्मनीचे आंतोन श्वार्त्सकोप्फ आणि वेर्नर श्टेंगेल यांनी या तत्त्वावर बांधलेली 'रेव्होल्यूशन' ही गाडी १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातील मॅजिक माउंटन उद्यानात सुरू झाली. उलट्या फेऱ्यांचे आधुनिक युग तिथून सुरू झाले असे मानतात.

एका कुटुंबाचे चार चेहरे

पण सगळे उद्यान अशा गाड्यांनीच भरले तर? सहलीला येणारे कुटुंब म्हणजे आजी, आई-वडील, चौदा वर्षांची ताई आणि पाच वर्षांचा धाकटा. ताईला थरार हवा, धाकट्याला लाकडी घोडे हवेत आणि आजीला सावली हवी. धाकटा रडायला लागला, की सगळे घरी जातात.

वॉल्ट डिस्ने यांना हीच गोष्ट खटकली होती. मुली मेरी-गो-राउंडवर बसत आणि आपण बाकावर शेंगदाणे खात बसून राहत असू, अशी आठवण ते सांगत. मोठ्यांना आणि लहानांना बरोबर आनंद घेता यावा, या विचाराने त्यांनी १९५५ मध्ये कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडले. तिथे सुरुवातीला रोलर कोस्टर नव्हताच. पहिला आला तो १९५९ मध्ये, मॅटरहॉर्न या पर्वताच्या प्रतिकृतीतून घसरत जाणारा.

याउलट अनुभव पॅरिसजवळच्या डिस्ने उद्यानाला आला. १९९२ मध्ये ते सुरू झाले तेव्हा तिथे थरारक खेळ थोडेच होते आणि उद्यान तोट्यात गेले. १९९५ मध्ये अंधारात उलटेसुलटे फिरवणारी 'स्पेस माउंटन' सुरू झाली आणि त्याच वर्षी उद्यानाला प्रथमच नफा झाला. मात्र सारे श्रेय त्या एका गाडीला देणे अशास्त्रीय ठरेल. कर्जाची फेररचना आणि तिकिटांचे उतरलेले दर हेही त्याच सुमारास घडले होते. एका परिणामामागे अनेक कारणे असू शकतात, हे विद्यार्थ्यांना दाखवायला हे उदाहरण चांगले आहे.

समतोल साधण्यामागे रांगेचे गणितही असते. २४ आसनांची गाडी दर दोन मिनिटांनी सुटली, तर तासाला ७२० माणसे बसतात. दारात २१६० माणसे उभी असतील, तर शेवटच्याला तीन तास थांबावे लागेल. म्हणून नाव होते एखाद्या मोठ्या गाडीचे, पण गर्दी सामावून घेतात ते आकाशपाळणे, लहान आगगाड्या आणि होड्या. कोपनहेगनच्या १८४३ मध्ये सुरू झालेल्या तिवोली उद्यानात हे छान दिसते. तिथे १९१४ मधली लाकडी गाडी आहे. तिचा ब्रेक गाडीतच बसलेल्या माणसाच्या हाती असतो. त्याच उद्यानात २००४ पासून उलटे करणारी गाडीही आहे. काही उद्यानांत आणखी एक साधी युक्ती करतात. आई धाकट्याला घेऊन थांबते, वडील फेरी मारून येतात आणि मग आईला पुन्हा रांगेत उभे न राहता जाता येते.

आणि ती लाल रेघ?

वेगाने टेकाड ओलांडताना गाडी खाली वळते, पण शरीर जडत्वामुळे सरळ पुढे जाऊ पाहते. आसनावरून उचलल्यासारखे होते, ते यामुळेच. गाडी रूळ सोडत नाही, कारण तिला रुळांच्या खालूनही चाके असतात. जॉन मिलर यांनी १९१९ मध्ये या चाकांचे पेटंट घेतले. माणसाला मात्र धरून ठेवतो तो मांडीवरचा दांडा. तो कोणत्या मापाच्या शरीरासाठी केला आहे, हे ठरलेले असते. मूल लहान असेल तर त्याचे पाय टेकत नाहीत आणि दांडा मांडीवर घट्ट बसत नाही. लहान मुलांचे डोके शरीराच्या मानाने जड असते आणि मान नाजूक असते, हेही लक्षात घ्यावे लागते.

आमच्या गुरुजींनी सुचवलेला उपाय तर आणखी धोक्याचा होता. काही गाड्यांत दोघांना मिळून एकच दांडा असतो. शेजारी मोठा माणूस बसला, की दांडा त्याच्या मांडीवर अडतो आणि मुलाच्या मांडीवर मोकळी जागा राहते. ज्याच्या भरवशावर मुलाला बसवायचे, त्याच्यामुळेच मूल सैल राहते!

रेघ उंचीचीच का? कारण उंची दारावर एका नजरेत मोजता येते आणि शरीराच्या बाकीच्या मापांचा अंदाज देते. ती काही निसर्गाने आखलेली सीमा नाही. पण आज दोन बोटे सोडली, तर उद्या तीन बोटांसाठी कोणी रदबदली करील. मग रेघेला अर्थ काय उरला?

आता त्या आठवीतल्या मुलीकडे वळू. भीती आणि धोका या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आकाशपाळण्यात भीती खूप असते आणि शरीरावर ताण थोडा. दांडा सैल असलेल्या मुलाला भीती मुळीच नसेल, पण धोका मोठा असतो. धोका मोजणे हे अभियंत्याचे काम आहे. भीती मात्र ज्याची त्यालाच कळते, आणि नको म्हणण्याचा हक्कही त्याचाच. त्या मुलीला आम्ही ढकलायला नको होते. नंतर आम्ही तिला तसे सांगितले.

वर्गात करून पाहण्यासाठी: लवचीक प्लॅस्टिकची नळी उभी अर्धी चिरून तिची पन्हळ करा आणि तिचा गोल फेरा बनवा. काचेची गोटी किती उंचीवरून सोडली म्हणजे फेरा पुरा करते, ते मोजा. गणिताने ही उंची तळापासून त्रिज्येच्या अडीच पट येते. प्रत्यक्षात ती जास्त भरेल. का, हे विद्यार्थ्यांना विचारा. घर्षण आहेच, पण गोटी घरंगळते तेव्हा थोडी ऊर्जा तिच्या स्वतःभोवती फिरण्यात जाते. मग फेरा थेंबासारखा करून पुन्हा मोजा.

पाचवीतल्या त्या मुलाची उंची आम्ही शाळेच्या भिंतीवर खूण करून मोजली. दोन बोटे म्हणजे ३ ते ४ सें.मी. त्या वयात मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सें.मी. वाढते. म्हणजे त्याला फक्त सहा-आठ महिने थांबायचे होते. त्याने हा भागाकार स्वतः केला आणि हसून म्हणाला, "मग पुढच्या सहलीला!"