हजेरीपट चावडीवर वाचला तेव्हा…

राजस्थानच्या दुष्काळी भागातल्या मजुरांनी एक साधा प्रश्न विचारला : आमच्या नावावर खर्च झालेला पैसा गेला कुठे? त्या प्रश्नाने सरकारी कपाटांची कुलपे उघडली. हे कसे घडले, आणि आपल्या गल्लीतल्या रस्त्याचा हिशेब आपण कसा मागायचा?

बाजारातून भाजी आणायला मुलाला पैसे दिले, तर तो परत आल्यावर आई विचारतेच, ‘किती लागले? उरलेले कुठे आहेत?’ त्यात मुलावर अविश्वास नसतो. घर चालवायचे तर हिशेब हवा, एवढेच. मग आपल्या नावाने लाखो-करोडो रुपये खर्च करणाऱ्या सरकारला तोच प्रश्न का विचारू नये? राजस्थानातल्या एका फारशा न शिकलेल्या ग्रामीण महिलेने काही वर्षांपूर्वी दिल्लीत पत्रकारांसमोर नेमका हाच युक्तिवाद मांडला होता. भल्याभल्या कायदेपंडितांना जे पानेच्या पाने लिहून सांगावे लागते, ते तिने दोन वाक्यांत सांगितले.

‘सरकारी काम, सहा महिने थांब’ असे म्हणून आपण सोडून देतो. पुलाला सहा महिन्यांत तडे जातात, शाळेच्या खोलीला छप्पर नसते, नळाला पाणी नसते. पण कागदावर सारे ‘पूर्ण’ असते. तो कागद बघायला मिळत नाही, म्हणून बोलणाऱ्याकडे पुरावा नसतो. ही कोंडी फोडली ती मोठमोठ्या नेत्यांनी नव्हे, तर रोजगाराच्या कामावर खडी फोडणाऱ्या माणसांनी.

मजुरी कमी का?

गोष्ट सुरू होते राजस्थानातल्या देवडुंगरी या लहानशा गावातून. १९८७ साली अरुणा रॉय, निखिल डे आणि शंकर सिंह हे तिघे कार्यकर्ते तिथे एका साध्या मातीच्या घरात राहायला आले. अरुणा रॉय १९६८ मध्ये भारतीय प्रशासकीय सेवेत रुजू झाल्या होत्या. १९७५ मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली आणि तिलोनिया गावातल्या ग्रामीण संस्थेत काम सुरू केले. १ मे १९९० रोजी, कामगार दिनी, भीम गावात ‘मजदूर किसान शक्ती संघटन’ स्थापन झाले.

या भागात पाऊस कमी, शेती बेभरवशाची. दुष्काळी कामावर जाणे हाच अनेक कुटुंबांचा आधार. पण दिवसभर राबूनही किमान वेतन हातात पडत नसे. किमान वेतनापेक्षा कमी मजुरी देणे म्हणजे वेठबिगारीच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये राजस्थानातल्याच एका दुष्काळी कामाच्या खटल्यात स्पष्ट केले होते. तरीही परिस्थिती बदलली नव्हती. मजुरांनी विचारले, तर ठरलेले उत्तर मिळे : ‘तुम्ही काम केलेच नाही. मोजमापात तसे लिहिले आहे.’

‘मग ते लिहिलेले आम्हाला दाखवा,’ मजूर म्हणाले.

‘ती सरकारी गुप्त कागदपत्रे आहेत,’ अशी त्यावर संभावना झाली.

मजुरीचा प्रश्न कागदाच्या प्रश्नापाशी येऊन थांबला तो असा. हजेरीपट बघितल्याशिवाय मजुरी सिद्ध होणार नाही, हे लोकांना उमगले.

तंबूतले न्यायालय

२ डिसेंबर १९९४. पाली जिल्ह्यातले कोटकिराना गाव. मोकळ्या जागेत तंबू उभारला होता. गावातले लोक जमले, बाहेरून काही त्रयस्थ, जाणती माणसे बोलावली होती. कार्यकर्त्यांच्या हाती कसेबसे आलेले सरकारी कामांचे तपशील एकेक करून मोठ्याने वाचले जाऊ लागले. कोणत्या कामावर कोण मजूर, किती दिवस, किती पैसे. सिमेंट किती, दगड किती, गाडीभाडे किती. ही पहिली ‘जनसुनवाई’.

वाचन सुरू होताच लोक उठून बोलू लागले. ज्यांनी त्या कामावर पाऊलही ठेवले नव्हते, त्यांची नावे हजेरीपटावर होती. कागदावर पूर्ण झालेली इमारत प्रत्यक्षात अर्धवट उभी होती. पुढच्या काही महिन्यांत भीम, विजयपुरा, जवाजा, ठाणा अशा ठिकाणी सुनावण्या झाल्या. मेलेल्या माणसांच्या नावे मजुरी निघाल्याचे आणि नावापुरत्या काढलेल्या बोगस कंपन्यांकडून माल ‘खरेदी’ झाल्याचे प्रकार त्यांतून बाहेर आले. कुंपणच शेत खात होते, आणि ते आता साऱ्या गावासमोर दिसत होते.

या पद्धतीची ताकद तिच्या साधेपणात होती. सरकारी लेखापरीक्षक कार्यालयात बसून पावती आणि नोंद जुळते का ते पाहतो. पावती खोटी असली तरी ती व्यवस्थित असेल, तर कागद जुळतो. पण कोणता बंधारा बांधला आणि कोणता बांधलाच नाही, कोण कामावर होते आणि कोण त्या वर्षी पोटासाठी परगावी गेले होते, हे गावाला पाठ असते. कागदाची आणि माणसांच्या आठवणीची गाठ पडली, की खोटे टिकत नाही.

विरोधही झालाच. काही ठिकाणी ग्रामसेवकांनी कागद दाखवायला साफ नकार दिला. उलट, १९९८ मध्ये काही सरपंचांनी भर सुनावणीत चूक मान्य करून पैसे परत देण्याचे कबूल केले, असेही घडले.

चाळीस दिवस, त्रेपन्न दिवस

५ एप्रिल १९९५ रोजी राजस्थानचे त्या वेळचे मुख्यमंत्री भैरोसिंह शेखावत यांनी विधानसभेत घोषणा केली, की स्थानिक विकासकामांच्या कागदपत्रांच्या प्रती लोकांना मिळतील. घोषणा झाली, आदेश काही निघेना. वर्ष उलटले. अखेर ६ एप्रिल १९९६ रोजी ब्यावर शहरात धरणे सुरू झाले.

हे धरणे चाळीस दिवस चालले. खेड्यातल्या कुटुंबांनी घरातले धान्य दिले, शहरातल्या भाजीवाल्यांनी भाजी दिली. सरकार म्हणत होते, कागद पाहा, पण प्रत मिळणार नाही. लोक अडून बसले ते छायाप्रतीवर. एखाद्याला वाटेल, पाहायला मिळते आहे ना, मग प्रतीचा हट्ट कशाला? पण हाताने उतरवलेला कागद कोण मानणार? पोलिसांत किंवा न्यायालयात जायचे तर अधिकृत प्रतच हवी. मजुरांना हे चांगले ठाऊक होते.

१९९७ मध्ये जयपूरला पुन्हा त्रेपन्न दिवसांचे धरणे झाले. शेवटी सरकारने जाहीर केले, की पंचायतीच्या कागदपत्रांच्या प्रती देण्याचा नियम सुमारे सहा महिन्यांपूर्वीच केलेला आहे! म्हणजे माहितीच्या अधिकाराचा नियम निघाला होता, आणि त्याचीच माहिती लोकांना नव्हती. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही घोषणा तोवर राजस्थानाबाहेर पोहोचली होती.

मराठी माणसांचा वाटा

१९९६ मध्ये या मागणीसाठी राष्ट्रीय पातळीवरचे व्यासपीठ उभे राहिले. कायद्याचा एक महत्त्वाचा मसुदा भारतीय वृत्तपत्र परिषदेत तयार झाला, तेव्हा परिषदेचे अध्यक्ष होते न्यायमूर्ती पी. बी. सावंत. सरकारच्या प्रत्येक सार्वजनिक कृतीबद्दल जाणून घेण्याचा हक्क जनतेला आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये राज नारायण खटल्यातच म्हटले होते. पण तत्त्व होते, यंत्रणा नव्हती. कोणाकडे अर्ज करायचा, किती दिवसांत उत्तर, न दिल्यास शिक्षा काय, हे ठरवायला कायदा लागणार होता.

तामिळनाडू आणि गोवा या राज्यांनी १९९७ मध्येच आपापले कायदे केले. महाराष्ट्राचा २००० सालचा कायदा फारच लंगडा होता. अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर त्याच्या जागी नवा, सक्षम कायदा आला. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळावी म्हणून ऑगस्ट २००३ मध्ये अण्णांना मुंबईच्या आझाद मैदानावर उपोषणाला बसावे लागले. ज्या महाराष्ट्राने १९७० च्या दशकात रोजगार हमी योजना देशाला दाखवली, तिथल्या मजुरांनाही ‘मस्टर’ या शब्दाचे महत्त्व वेगळे सांगायला नको होते.

अखेर केंद्राचा माहितीचा अधिकार कायदा मे २००५ मध्ये संसदेत मंजूर झाला आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यात ग्रामसभेने कामांचे सामाजिक लेखापरीक्षण करण्याची तरतूद आली. तंबूतल्या सुनावणीला कायद्याचे रूप मिळाले. आंध्र प्रदेशाने त्यासाठी स्वतंत्र यंत्रणा उभी केली, तर मेघालयाने २०१७ मध्ये सरकारी योजनांच्या सामाजिक लेखापरीक्षणाचा स्वतंत्र कायदाच केला. असा कायदा करणारे ते पहिले राज्य.

हे फक्त खेड्यांपुरते नाही. डिसेंबर २००२ मध्ये दिल्लीच्या सुंदरनगरी वस्तीत ‘परिवर्तन’ संस्थेने अशीच सुनावणी घेतली. रस्ते, गटारे अशा अडुसष्ट कामांचे करार लोकांसमोर वाचले गेले. एकूण खर्च सुमारे १ कोटी ३० लाख रुपये. त्यातल्या सुमारे ७० लाखांच्या वस्तू आणि कामे जागेवर नव्हतीच.

आपण काय करू शकतो?

समजा, आपल्या गल्लीतला रस्ता पहिल्याच पावसात वाहून गेला. संबंधित कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे साध्या कागदावर अर्ज करता येतो. शुल्क दहा रुपये. महाराष्ट्रात ते कोर्ट फी स्टॅम्प लावूनही भरता येते. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला शुल्क नाही. माहिती कशासाठी हवी, हे सांगण्याचे बंधन नाही आणि अधिकाऱ्यालाही ते विचारता येत नाही.

मात्र ‘रस्ता खराब का झाला?’ असे विचारू नये. त्याला गोलमाल उत्तर मिळते. कागद मागावा. कामाचे अंदाजपत्रक, ठेकेदाराला दिलेला कार्यादेश, मोजमाप पुस्तिका, हजेरीपट, बिले आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला, एवढ्या कागदांच्या प्रती मागितल्या की सगळी गोष्ट आपोआप उलगडते. अर्ज छोटा आणि एकाच विषयावर असावा; महाराष्ट्राच्या नियमांत दीडशे शब्दांची मर्यादा आहे.

प्रती मागण्याआधी कार्यालयात जाऊन कागद पाहताही येतात. इतकेच काय, वापरलेल्या मालाचा नमुना मागण्याचाही हक्क या कायद्याने दिला आहे.

उत्तर तीस दिवसांत यायला हवे. प्रश्न कोणाच्या जिवाचा वा स्वातंत्र्याचा असेल, तर अठ्ठेचाळीस तासांत. उत्तर आले नाही किंवा अपुरे आले, तर तीस दिवसांच्या आत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे पहिले अपील करावे. तिथेही दाद लागली नाही, तर नव्वद दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरे अपील. विनाकारण माहिती अडवणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, आणि तो त्याच्या खिशातून जातो.

शक्यतो एकट्याने जाऊ नये. चार शेजाऱ्यांनी मिळून अर्ज करावेत आणि मिळालेले कागद सर्वांसमोर वाचावेत. हिशेब मागणे कधीकधी जिवावर बेतते, हेही आपण पाहिले आहे. जमीन गैरव्यवहार उघड करणारे तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी यांची १३ जानेवारी २०१० रोजी हत्या झाली. माहिती एका माणसाजवळ असेल तर तो माणूस धोक्यात असतो. ती साऱ्या गावाजवळ असेल, तर गप्प कोणाकोणाला करणार?

मिळाले ते टिकवायला हवे

कायदा झाला म्हणजे काम संपले, असे नाही. २०१९ च्या दुरुस्तीने माहिती आयुक्तांचा कार्यकाळ आणि वेतन ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे गेला. आयोगांवरच्या जागा रिकाम्या राहतात आणि अपिले वर्षानुवर्षे पडून राहतात, ही तक्रार जुनीच आहे. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने तर माहिती अधिकार कायद्यातले एक महत्त्वाचे कलम बदलले. पूर्वी सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली खासगी माहिती तेवढी नाकारता येत असे. आता व्यक्तिगत माहिती म्हणून नकार देण्याची वाट पुष्कळ रुंद झाली आहे. व्यापक जनहित असेल तर माहिती देता येते, ही तरतूद कायद्यात शिल्लक आहे. पण ते जनहित ठरवणार कार्यालयच.

हा बदल कोरडा, कायद्याच्या भाषेतला वाटेल. पण हजेरीपटावर असतात ती माणसांची नावेच. ठेकेदाराच्या बिलावर नाव असते, लाभार्थ्यांच्या यादीत नाव असते. ही नावे ‘व्यक्तिगत’ म्हणून झाकली, तर कामावर कोण होते आणि कोण नव्हते, हे गाव कसे सांगणार? कोटकिरानाच्या तंबूत नावे वाचली गेली, म्हणून तर खोटे पकडले गेले. खासगीपण जपायला हवेच, पण सार्वजनिक पैशाच्या नोंदीवर त्याचे पांघरूण पडता कामा नये.

आपण मोबाईलसारख्या अनेक खरेदींवर कर भरतो. कर फक्त नोकरदार भरतात, हा गैरसमज आहे; रोजंदारीवरचा मजूरही सरकारी तिजोरीत भर घालतो. तेव्हा हिशेब मागताना हात जोडून उभे राहण्याचे कारण नाही. आपल्या वॉर्डात, आपल्या ग्रामपंचायतीत यंदा कोणती कामे झाली आणि त्यांवर किती खर्च झाला, एवढे विचारण्यापासून सुरुवात करता येईल. अर्जाला लागतात दहा रुपये आणि एक कोरा कागद.