एपी भौतिकशास्त्र १

एपी भौतिकशास्त्र १ हा अमेरिकेतील माध्यमिक शाळांच्या वरच्या इयत्तांमध्ये शिकवला जाणारा भौतिकशास्त्राचा प्रगत अभ्यासक्रम आहे. 'एपी' हे 'अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट' या योजनेचे लघुरूप असून १९५५ पासून ही योजना कॉलेज बोर्ड ही संस्था चालवते. शालेय विद्यार्थ्यांना महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचे विषय शिकता यावेत, हा तिचा उद्देश आहे. अभ्यासक्रमाच्या अखेरीस मे महिन्यात देशभर एकच परीक्षा घेतली जाते व तिचा निकाल १ ते ५ या श्रेणीत दिला जातो. या अभ्यासक्रमात कलनाचा वापर होत नाही. बीजगणित व मूलभूत त्रिकोणमिती एवढे गणित पुरते. तरीही तो अवघड समजला जातो, कारण त्यात उत्तर काढण्याइतकेच उत्तरामागील कारण शब्दांत मांडण्याला महत्त्व आहे.

इतिहास

२०१४ पर्यंत बीजगणितावर आधारलेला एपी अभ्यासक्रम 'भौतिकशास्त्र बी' या नावाने ओळखला जाई. यांत्रिकी, द्रायू, उष्णता, विद्युत, चुंबकत्व, तरंग, प्रकाश आणि आधुनिक भौतिकी हे सारे विषय त्यात एकाच वर्षात शिकवले जात. अभ्यासक्रमाचा विस्तार मोठा असल्याने विद्यार्थी सूत्रे पाठ करतात, पण संकल्पना खोलवर समजून घेत नाहीत, अशी टीका त्यावर होत असे. २०१४-१५ या शैक्षणिक वर्षापासून त्याची विभागणी करून भौतिकशास्त्र १ व भौतिकशास्त्र २ असे दोन स्वतंत्र, प्रत्येकी एका वर्षाचे अभ्यासक्रम सुरू झाले. कलनावर आधारित 'भौतिकशास्त्र सी' हा गट त्यांच्यापासून वेगळा असून त्यात 'यांत्रिकी' आणि 'विद्युत व चुंबकत्व' असे दोन अभ्यासक्रम आहेत.

भौतिकशास्त्र १ मध्ये पुढेही बदल झाले. तरंग, ध्वनी व विद्युत परिपथ हे भाग त्यातून वगळण्यात आले आणि २०२४-२५ पासून द्रायू हा घटक भौतिकशास्त्र २ मधून येथे आणण्यात आला.

अभ्यासक्रमाचे स्वरूप

सध्याच्या अभ्यासक्रमात आठ घटक आहेत: शुद्धगतिकी, बल व रेषीय गती, कार्य, ऊर्जा व शक्ती, रेषीय संवेग, बल आघूर्ण व घूर्णन गती, फिरणाऱ्या वस्तूंची ऊर्जा व संवेग, दोलने, आणि द्रायू. परीक्षेत सर्वाधिक भार बल आणि ऊर्जा या दोन घटकांवर असतो. पुढील प्रत्येक घटक आधीच्या घटकांवर उभा असल्याने पहिल्या दोन-तीन महिन्यांत राहिलेली त्रुटी घूर्णन गतीपर्यंत पोहोचल्यावर ठळकपणे जाणवते.

कॉलेज बोर्डाच्या अपेक्षेनुसार अध्यापनाचा किमान एक चतुर्थांश वेळ प्रत्यक्ष प्रयोगांना द्यावा लागतो. प्रयोगाची कृती तयार स्वरूपात न देता कोणती राशी बदलायची, काय मोजायचे आणि चूक कशी कमी करायची, हे विद्यार्थ्यांनी स्वतः ठरवावे असा संकेत आहे. उदाहरणार्थ, साध्या लंबकावरून गुरुत्व त्वरण काढताना लांबी आणि आवर्तकाल यांचा आलेख सरळ रेषेत येत नाही. मात्र आवर्तकालाचा वर्ग घेतल्यास सरळ रेषा मिळते. त्या रेषेचा उतार प्रति मीटर सुमारे ४.०३ सेकंद वर्ग आल्यास गुरुत्व त्वरण ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग येते. कोणत्या राशी आलेखावर घ्याव्यात, हा निर्णय विद्यार्थ्याकडूनच अपेक्षित असतो.

परीक्षा

२०२५ पासून परीक्षा तीन तासांची आहे. पहिल्या भागात ४० बहुपर्यायी प्रश्नांसाठी ८० मिनिटे, तर दुसऱ्या भागात चार दीर्घोत्तरी प्रश्नांसाठी १०० मिनिटे मिळतात. दोन्ही भागांना समान भार असतो. सूत्रांचा तक्ता परीक्षेत पुरवला जातो व गणकयंत्र वापरण्यास परवानगी असते. त्यामुळे केवळ पाठांतराचा फारसा लाभ होत नाही. चुकीच्या उत्तरासाठी गुण वजा होत नाहीत.

चार दीर्घोत्तरी प्रश्नांचे प्रकार ठरलेले आहेत. पहिल्यात मूलभूत नियमापासून सूत्र सिद्ध करावे लागते. दुसऱ्यात तीच घटना आकृती, आलेख व समीकरण अशा निरनिराळ्या रूपांत मांडायची असते. तिसरा प्रयोगाची आखणी व विश्लेषण यांवर असतो. चौथ्यात आधी समीकरणाविना शब्दांत तर्क मांडून, नंतर सूत्र काढून, दोन्ही एकमेकांशी जुळतात का हे तपासायचे असते.

चौथ्या प्रकाराचे स्वरूप एका उदाहरणावरून स्पष्ट होते. एकाच उतारावरून एक भरीव गोल व एक पातळ कडे एकाच वेळी, न घसरता घरंगळू दिले, तर खाली आधी कोण पोहोचेल? अनेक विद्यार्थी वस्तुमान किंवा त्रिज्या विचारतात. प्रत्यक्षात त्यांचा परिणाम होत नाही. कड्याचे सारे वस्तुमान अक्षापासून दूर असल्याने त्याच्या गतिज ऊर्जेचा निम्मा भाग फिरण्यात जातो. भरीव गोलाच्या बाबतीत सुमारे ७१ टक्के ऊर्जा पुढे सरकण्याच्या गतीत असते, म्हणून तो आधी पोहोचतो. ऊर्जा अक्षय्यतेच्या नियमावरून काढलेले सूत्रही हेच सांगते. त्यात वस्तुमान व त्रिज्या दोन्ही बाजूंनी रद्द होतात. केवळ 'गोल' असे लिहिणाऱ्यास कारणासाठी ठेवलेले गुण मिळत नाहीत. याउलट, आकडेमोडीत चूक करूनही तर्क योग्य मांडणाऱ्यास अंशतः गुण मिळतात.

काठिण्य व निकाल

२०१५ ते २०२४ या दशकात बहुतेक वर्षी या परीक्षेत ३ वा त्याहून वरची श्रेणी मिळवणाऱ्यांचे प्रमाण निम्म्याहून कमी होते. याउलट, अधिक अवघड गणित असलेल्या 'सी' गटातील यांत्रिकीच्या परीक्षेत ते सामान्यतः ७० टक्क्यांहून अधिक असते. यावरून भौतिकशास्त्र १ हा विषय 'सी'पेक्षा कठीण आहे, असा निष्कर्ष काढणे योग्य नाही. 'सी' गट निवडणाऱ्यांपैकी अनेकांनी भौतिकशास्त्राचा एक अभ्यासक्रम आधीच पूर्ण केलेला असतो व ते कलनही शिकत असतात. भौतिकशास्त्र १ हा मात्र पुष्कळांचा या विषयाशी आलेला पहिलाच गंभीर संबंध असतो. गणितात चांगले गुण मिळवणारे विद्यार्थीही येथे सुरुवातीला अडखळतात, कारण सूत्रात किमती घालण्याची सवय स्पष्टीकरणाच्या प्रश्नांत उपयोगी पडत नाही.

पूर्वतयारी व निवड

भूमिती पूर्ण झालेली असणे आणि दुसऱ्या स्तरावरील बीजगणित किमान सोबत चालू असणे, एवढी पूर्वतयारी पुरेशी मानली जाते. आधी भौतिकशास्त्र शिकलेले असण्याची अट नाही. परीक्षेतील श्रेणीवरून श्रेयांक द्यायचे की नाही, हे प्रत्येक विद्यापीठ स्वतः ठरवते. अभियांत्रिकी व भौतिकशास्त्राच्या पदवीसाठी कलनाधारित भौतिकशास्त्र आवश्यक असल्याने अशा शाखांत भौतिकशास्त्र १ चे श्रेयांक बहुधा उपयोगी ठरत नाहीत. त्यामुळे श्रेयांक हाच हेतू असल्यास इच्छित विद्यापीठाचे नियम आधी पाहणे आवश्यक ठरते. मात्र पुढे 'सी' गट घेणाऱ्यांसाठी हा अभ्यासक्रम पाया म्हणून उपयुक्त असतो.

महाराष्ट्रातील अभ्यासक्रमाशी तुलना

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या बारावीच्या भौतिकशास्त्रातही घूर्णन गती, द्रायू व दोलने हे घटक आहेत. तेथे लेखी परीक्षेला ७० व प्रात्यक्षिकाला ३० गुण असतात, विषयांचा आवाका अधिक मोठा असतो आणि कलनाचा वापरही होतो. एपी योजनेत प्रात्यक्षिकाची स्वतंत्र परीक्षा नाही. प्रयोगकौशल्य लेखी प्रश्नांतूनच तपासले जाते. भारतातून अमेरिकेतील शाळेत दाखल होणाऱ्या विद्यार्थ्याला भौतिकशास्त्र १ मधील सूत्रे बहुधा परिचित असतात. नवीन असते ती प्रत्येक पायरीचे कारण स्वतःच्या शब्दांत लिहिण्याची अपेक्षा.