नकाशातला ऊस आणि रानातला ऊस



गेल्या हंगामात आपल्या एका सभासदाचा पूर्वहंगामी ऊस पाळी चुकून उभा राहिला. तुरा आला, वजन घटले. चूक त्यांची नव्हती. लागण नोंदवताना आमच्याच शेतकी खात्याच्या चिटबॉयने मोबाईलवर ठिकाण टिपले ते रानात न उतरता, रस्त्याकडेच्या चिंचेखाली उभे राहून. नकाशावर तो ऊस पलीकडच्या गटात जाऊन पडला आणि टोळीही तिकडेच गेली. “तुमच्या नकाशाने माझा ऊस वाळवला,” असे ते गट ऑफिसात येऊन बोलले. बोलणे कडू होते, पण खरे होते. म्हणून ही नकाशाची भानगड आहे तरी काय, हे एकदा मोकळेपणाने सांगावे असे आम्हांस वाटले.

तिचे नाव जीआयएस, म्हणजे भौगोलिक माहिती प्रणाली. नाव अवघड, पण वस्तू आपल्या घरातलीच. गावनकाशा सांगतो रान कुठे आहे. सात-बारा सांगतो ते कोणाचे, किती आणि त्यात काय पेरले. दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे गट नंबर. आपल्या मुंबई इलाख्यात जमीन मोजून अशी नोंद लावण्याची नवी पद्धत गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३५-३६ साली इंदापूर तालुक्यात सुरू केली. आता कागदाच्या जागी संगणक आला, आणि दप्तर न चाळता प्रश्न विचारता येऊ लागले. ‘चौदा महिने झालेला आडसाली ऊस पक्क्या रस्त्यालगत कुठे कुठे आहे?’ असे विचारले की तेवढीच राने रंगून पुढे येतात. अवकाळी पाऊस पडून गाड्या रुतू लागल्या की या एका उत्तराची किंमत कळते.

नकाशात विहीर म्हणजे ठिपका, चारी म्हणजे रेघ आणि रान म्हणजे चारी बाजूंनी मिटलेली आकृती. रस्ते, कालवे, ऊस यांचे वेगवेगळे थर असतात. पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत तसे. प्रत्येक ठिपक्याला अक्षांश-रेखांशाचे दोन आकडे लागतात. त्यात दशांशचिन्हापुढचा चौथा आकडा एकाने चुकला, तर उत्तर-दक्षिण सुमारे अकरा मीटरचा फरक पडतो. म्हणजे कित्येकदा बांधच ओलांडला जातो. अक्षांश १७ आणि रेखांश ७४ यांची अदलाबदल झाली, तर आपला ऊस नॉर्वेच्याही उत्तरेला समुद्रात जाऊन पडतो! हसू नका, घाईत असे होते.

क्षेत्राचेही तसेच. चिटबॉय मोबाईल घेऊन बांधाने फिरतो तेव्हा चौफेर पाच-पाच फूट बाहेरून फिरला, तर दहा गुंठ्यांचे चौरस रान बारा गुंठे भरते. एकराला ही चूक चार गुंठ्यांची होते. म्हणजे लहान शेतकऱ्याच्या नोंदीत चुकीचा वाटा मोठा. शिवाय साधा मोबाईल उघड्या आभाळाखालीसुद्धा पंधरा-सोळा फूट इकडेतिकडे दाखवू शकतो. झाडाखाली त्याहून जास्त. तेव्हा फिरायचे ते सरीच्या कडेने, आणि कोपऱ्यावर क्षणभर थांबून.

उपग्रहाबद्दलही बरेच समज-गैरसमज आहेत. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रे फुकट मिळतात आणि साधारण पाच दिवसांनी नवे चित्र येते. त्या चित्रातला सर्वांत लहान चौकोन दहा मीटर बाय दहा मीटर, म्हणजे जवळजवळ बरोबर एक गुंठा. योगायोग मोठा सोयीचा आहे. हिरवे, जोमदार पान डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण खूप परतवते. त्यावरून पीक तजेलदार आहे की ताणावर आहे याचा अंदाज येतो. पण अरुंद पट्टीचे रान असेल, तर एकाच चौकोनात तुमचा ऊस आणि शेजाऱ्याचे सोयाबीन मिसळते. पावसाळ्यात ढग आले की ही चित्रे आंधळी होतात. आणि ऊस को-८६०३२ आहे की को.एम. ०२६५, हे उपग्रहाला विचारून भागत नाही. ते लावणाऱ्यालाच विचारावे लागते.

काही सभासदांनी बांधावर मोबाईल पाहून चिटबॉयला परत लावले. “आज ऊस मोजता, उद्या बांध सरकवाल,” ही त्यांची धास्ती. भाऊबंदकीच्या वादात पोळलेल्या माणसाला असे वाटले तर नवल नाही. पण हद्द ठरते ती भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीने. आपला नकाशा ऊस कुठे उभा आहे एवढेच सांगतो, आणि तो दाखवून कोणी हद्दीवर हक्क सांगू लागला तर आम्ही त्याला साथ देणार नाही.

यंदाची नोंद चालू आहे. चिटबॉय येईल त्या दिवशी घरातले कोणी तरी रानात हजर राहावे, लागणीची तारीख आणि जात स्वतः सांगावी, आणि मोबाईलवर उमटलेली आकृती आपल्याच रानाची आहे ना, हे पाहूनच सही करावी. तो चिंचेखाली उभा राहून नोंद उरकू लागला, तर त्याला खुशाल हाताला धरून सरीत न्यावे. आमची हरकत नाही.

— ऊस विकास अधिकारी