शिवारातला फाल्गुन – लेखांक ६ : आधी विहीर, मग बियाणं

गेल्या आठवड्यात आपण ज्वारीच्या काढणीपर्यंत आलो. मालदांडीनं काळ्या रानातली उरलीसुरली ओल ओढून घेतली, जमिनीला भेगा पडल्या, कडब्याच्या गंजी लागल्या. कोरडवाहूचा हंगाम तिथं संपला. बागायतदाराचा प्रश्न मात्र आता सुरू होतो. हरभरा निघाला, गहू पिवळा पडतोय. मोकळ्या होणाऱ्या रानात उन्हाळी पीक घ्यायचं का, आणि घ्यायचं तर किती?

बहुतेक जण आधी दुकानात बियाण्याचा भाव विचारतात आणि विहिरीत नंतर डोकावतात. क्रम उलटा हवा.

वीस फूट व्यासाची गोल विहीर धरा. तिच्यातलं एक फूट पाणी म्हणजे सुमारे ८,९०० लिटर. एकरभर रानात एक सेंटिमीटर पाणी द्यायला ४० हजार लिटर लागतं. गव्हाची एक पाळी सहा सेंटिमीटरची म्हटली तरी २ लाख ४० हजार लिटर झाले, म्हणजे विहिरीतलं २७ फूट पाणी. उन्हाळी भुईमुगाला पाटानं पाणी दिलं तर पेरणीपासून काढणीपर्यंत साधारण ७० सेंटिमीटर लागतं. एकराला २८ लाख लिटर! त्यासाठी आपल्या विहिरीत जवळपास ३१५ फूट पाणी हवं. तेवढी विहीर कुणाकडेच नसते. तेव्हा ‘पाणी अजून दोन परस आहे’ या वाक्याला फारसा अर्थ नाही. उन्हाळी पीक निघतं ते झऱ्यांवर.

आणि झऱ्यांचं आपल्याकडे मोठं दुखणं आहे. राज्याचा बहुतेक भाग बेसॉल्टच्या कातळावर बसलेला. पाणी साठतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या फटींत. खालचा अखंड कातळ जवळपास कोरडाच. दिवाळीत तुडुंब असलेली विहीर होळीला तळ दाखवते ती यामुळे.

म्हणून आवक मोजा. संध्याकाळी उपसा थांबवा, दोरीला दगड बांधून पाण्याची पातळी घ्या, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा घ्या. मधे मोटार लावायची नाही. चोवीस तासांत चार फूट चढली तर आवक साडेपस्तीस हजार लिटर. एप्रिलच्या उन्हात भुईमूग एकरी रोज २५ हजार लिटरच्या आसपास पाणी मागतो. कागदावर एक एकर बसला. पण ही आवक फेब्रुवारीतली आहे, एप्रिलमध्ये ती घटणारच. मी अशा विहिरीवर अर्ध्या एकराच्या वर जाणार नाही. ठिबक असेल तर थोडी मोकळीक.

तसाही भुईमुगाचा वेळ टळत आलाय. पेरणी फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत व्हायला हवी. पीक ११५ ते १२० दिवसांचं. मार्चमध्ये पेरलं तर काढणी जूनच्या पावसात सापडते आणि उपट्या जातींच्या शेंगांना जमिनीतच कोंब फुटतात. उन्हाळी मूग ६० ते ६५ दिवसांत निघतो, पाणीही बरंच कमी घेतो. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात पेरला तर मेच्या मध्याला रान मोकळं.

उशिरा पेरलेला गहू सध्या दाणा भरतोय. पाण्यावर आधी त्याचा हक्क. मार्च २०२२ मध्ये ऐन दाणे भरताना उष्णतेची लाट आली, उत्तरेकडचा गहू बारीक पडला आणि मे महिन्यात केंद्रानं गव्हाची निर्यात थांबवली. हलकी पाळी द्या, तीही वारा पडल्यावर. नाहीतर पीक लोळतं. फळबाग असेल तर तिची उन्हाळ्याची तरतूद आधीच बाजूला काढा. २०१२-१३च्या दुष्काळात जालन्याकडच्या मोसंबीच्या बागा वाळल्या. हंगामी पीक गेलं तर एक हंगाम जातो, बाग गेली तर कित्येक वर्षांची मेहनत.

याच दिवसांत बोअरच्या गाड्या गावोगाव फिरू लागतात. शेजाऱ्याची विहीर ज्या फटींतून भरते त्याच फटी आपलं बोअर फोडतं, आणि कर्ज तेवढं आपल्या एकट्याच्या नावावर राहतं. हिवरे बाजारनं सिंचनासाठी बोअर बंद केले. पावसाची नोंद आणि पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून पिकं ठरवली. सगळ्या गावांना हे जमेल असं नाही, पण दोन बांधकऱ्यांना जमायला हरकत नाही.

आणि रान पडीक ठेवावं लागलं तर त्यात कमीपणा मानू नका. हरभऱ्याचं रान आत्ताच नांगरून तापू द्या. घाटे अळीचे कोष उघडे पडतात, पक्षी टिपतात, उरलेले उन्हानं मरतात.

पुढच्या आठवड्यात मळणी आणि साठवण. तोवर आपल्या विहिरीची आवक मोजून वहीत लिहून ठेवा, आणि बियाण्याची पिशवी त्यानंतरच घ्या.