बोटीच्या कडेचा दोर कधी बदलावा?

वर्धा जिल्ह्यात समुद्र नाही, पण बोर आणि निम्न वर्धा धरणांचे मोठे जलाशय आहेत. अशा पाण्यातल्या छोट्या मोटरबोटीच्या कडेला जाड दोराचा फेंडर असतो. बोट काठाला लागते तेव्हा धक्का तोच सोसतो. 500 किलोची बोट सेकंदाला 1 मीटर वेगाने दगडी काठावर आली, तर 250 जूल ऊर्जा जिरवावी लागते. दोर 5 सेंटिमीटर दबला तर बोटीवर सरासरी 5,000 न्यूटन बल येतं. कडक होऊन 1 सेंटिमीटरच दबला तर 25,000! वेग दुप्पट केला की ऊर्जा चौपट. म्हणून दोर जाड असून भागत नाही, तो दबला पाहिजे.

विदर्भात दोराला पाण्यापेक्षा ऊन जास्त छळतं. दोर पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचा असेल, तर अतिनील किरण त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या तोडतात. तंतू ठिसूळ होतात, दोर चोळला की भुकटी निघते. काथ्यात लिग्निन भरपूर, त्यामुळे तो ओलाव्यात सावकाश कुजतो. नवा दोर घेताना काथ्याचाही विचार जरूर करा.

बदलताना बांधायच्या कड्याही तपासा. आणि भुकटी दिसली, तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबू नका.